खेळाला पुस्तकं किती लागतात?



गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास बचतीवरचा कार्यक्रम झाला आणि केंद्राच्या फोनवर एका ताईंचा प्रश्न आला. त्यांची मुलगी पुण्यात कॉलेजला आहे. वसतिगृहात मैत्रिणींबरोबर ती कसला तरी खेळ खेळते आणि त्या खेळाच्या पुस्तकांसाठी पैसे मागते. एक पुस्तक घेऊन झालं, आता दुसरं हवंय, आणि तिसरं नवीन निघालंय म्हणे. ताई म्हणाल्या, "खेळायला पुस्तकं कशाला लागतात हो? आणि लागतातच तर किती? हे संपणार कधी?"

पैशाचा प्रश्न म्हणून तो माझ्याकडे आला. बचत गटांच्या कामात असे प्रश्न रोजचेच. मोबाइलचे असतात, क्लासच्या फीचे असतात. हा खेळ मात्र मला अगदीच नवा होता. दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी गावी आली तेव्हा तिच्याकडून तो समजून घेतला, इंटरनेटवर बरंच वाचलं, आणि वाचता वाचता लक्षात आलं की आपल्या ताईंचाच प्रश्न या खेळाचे जगभरातले खेळाडू गेली पन्नास वर्षं एकमेकांशी वाद घालत विचारताहेत. कंपनीने नवीन किती छापावं? महिन्याला एक पुस्तक? वर्षाला एक? की काहीच नको?

आधी खेळ काय आहे ते सांगते. नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. त्याला पट नाही, सोंगट्या नसल्या तरी चालतं. चार-पाच जणी गोल करून बसतात. प्रत्येकीचं एक पात्र असतं. कोणी लढवय्यी, कोणी जादूगारीण, कोणी चोर, कोणी पुजारीण. पात्राची ताकद किती, चपळाई किती, अक्कल किती, हे आकडे एका कागदावर लिहिलेले असतात. एकजण मात्र कुठलंच पात्र घेत नाही. ती गोष्ट सांगते. "तुम्ही एका पडक्या किल्ल्यापाशी पोचलात, दार बंद आहे, आतून गुरगुरण्याचा आवाज येतोय. काय करता?" मग बाकीच्या आपापलं सांगतात. एक म्हणते दार फोडते, दुसरी म्हणते खिडकी बघते. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, आपल्या पात्राचा आकडा त्यात मिळवायचा, आणि ठरलेली संख्या गाठली तर जमलं. हार-जीत नाही. आज गोष्ट जिथे थांबली तिथून पुढच्या आठवड्यात सुरू. गोष्ट सांगणारीला इंग्रजीत डंजन मास्टर म्हणतात. मी तिला खेळवणारी म्हणते, कारण ती खरोखर बाकीच्यांना खेळवत असते.

आता पुस्तकं. मुख्य पुस्तकं तीन. एक खेळणाऱ्यांसाठी, एक खेळवणारीसाठी, आणि एकात सगळे राक्षस आणि प्राणी. प्रत्येकाची छापील किंमत पन्नास डॉलरच्या आसपास. डॉलरचा आजचा भाव धरला तर एक पुस्तक चार हजार रुपयांच्या वर गेलं आणि तिन्ही मिळून बारा हजारांच्या वर. गटातल्या बाईची महिना शंभर रुपये बचत धरा. ती तीन पुस्तकं म्हणजे एका बाईची दहा वर्षांची बचत. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही.

ही पुस्तकं आली कुठून? अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं तळ्याकाठचं छोटं शहर आहे. तिथे गॅरी गायगॅक्स राहत होते. विमा कंपनीतली नोकरी गेलेली, घरात मुलंबाळं, बूट दुरुस्तीचं काम करून संसार चालवायचा आणि उरलेल्या वेळात खेळ लिहायचे. मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसन यांच्याबरोबर त्यांनी हा खेळ रचला आणि १९७४ मध्ये छापला. एक हजार पेट्या. प्रत्येक पेटीत तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर. पेट्या घरीच बसून भरल्या. वर्षभरात सगळ्या संपल्या.

गंमत अशी की त्या तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी त्यांनी वाचकांना सांगितलं होतं की पुढचं तुमचं तुम्ही ठरवा, तुमच्या वाटची कल्पना आम्ही कशाला करायची. म्हणजे कंपनीचं स्वतःचंच म्हणणं होतं की आणखी पुस्तकांची गरज नाही! आणि पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, त्यांनी दोन नवी पुरवणी पुस्तकं काढली. १९७६ मध्ये आणखी दोन. आपल्याकडे लग्नपत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' छापतात आणि मांडवात आहेराची वही घेऊन भाऊजी बसलेले असतात, त्यातला प्रकार.

पण मला त्या दोन वर्षांतली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पुरवण्या निघाल्या त्या मुख्यतः नव्या नियमांच्या, नव्या जादूच्या, नव्या प्रकारच्या पात्रांच्या. तयार गोष्ट, म्हणजे 'हा किल्ला, ह्या खोल्या, इथे हा राक्षस, इथे हा खजिना' अशी आयती मोहीम, कंपनीने स्वतंत्र पुस्तक म्हणून काढली नाही. असं कोणाला हवं असेल हेच त्यांना पटत नव्हतं. जो तो आपली गोष्ट आपण रचेल असा त्यांचा समज. इलिनॉय राज्यातल्या दोघांनी १९७६ मध्ये जजेस गिल्ड नावाची छोटी कंपनी काढली आणि विचारलं, आम्ही छापू का? कंपनी म्हणाली, छापा. आणि ते भराभर खपलं. मग १९७८ मध्ये मूळ कंपनीने स्वतःच्या तयार मोहिमा काढायला सुरुवात केली.

का खपलं? कारण खेळवणारीला वेळ नसतो. इतकं साधं कारण आहे.

मी हे वाचलं होतंच, पण त्या मुलीने आमच्या किशोरी गटाच्या मुलींना समाजमंदिरात खेळ खेळवून दाखवला तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. तिच्याकडे कंपनीने इंटरनेटवर फुकट दिलेले थोडक्यातले नियम होते. त्यातलेही सगळे तिने घेतले नाहीत. वीस बाजूंचा फासा एकच होता आणि तो तिने दाखवण्यापुरता बाहेर काढला. मुलींसाठी एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्या, भिशीला टाकतो तशा. चिठ्ठी काढायची, आकडा वाचायचा, परत टाकायची, डबा हलवायचा. मला वाटलं हा गावठी उपाय. तर ती म्हणाली, अमेरिकेतही असंच झालं होतं. ते खरं निघालं. १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा कंपनीने पेटीत फाशांऐवजी आकड्यांच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्याच घालून दिल्या होत्या. तेव्हा आपला डबासुद्धा अधिकृतच म्हणायचा.

गोष्ट तिने आपली लावली. जत्रेच्या आदल्या रात्री देवळातली घंटा चोरीला गेली आहे आणि चोराचा माग पडक्या वाड्यातल्या विहिरीपर्यंत जातो. विहिरीवर एक भूत पहारा देतंय. चार मुली खेळत होत्या. दोघी म्हणाल्या भुताशी लढू. आठवीतली एक मुलगी, बैठकीत नाव विचारलं तरी मान खाली घालते ती, म्हणाली, "मी त्याला विचारते, तू इथे किती वर्षं बसलायस? जेवलायस का?" सगळ्या हसल्या. खेळवणारी एक क्षण थांबली. भुताला जेवणाचं विचारलं तर काय होतं याचा नियम कुठल्याच पुस्तकात नाही. तिने जागच्या जागी ठरवलं की पंधराच्या वर चिठ्ठी आली तर भूत बोलेल. चिठ्ठी आली सतरा. मग त्या भुताने पुढचा अर्धा तास आपली कहाणी सांगितली आणि घंटा कुठे आहे तेही सांगितलं. लढाई झालीच नाही.

एवढं बघून कोणीही म्हणेल की झालं, पुस्तकं लागतच नाहीत. डबा, चिठ्ठ्या, डोकं. उखाण्यासारखं. उखाणा कसा घ्यायचा हे सगळ्यांना माहीत असतं, त्याचं पुस्तक विकत घेतलं नाही म्हणून कोणाचं अडत नाही. या खेळाच्या चाहत्यांमध्येही असं म्हणणारे पुष्कळ आहेत: मूळ नियम हातात आहेत, आता कल्पना लढवा, कंपनीकडून नवीन काही नको.

पण त्या दिवशी मी त्या मुलीशी नंतर बोलले. दोन तासांच्या त्या खेळासाठी तिने तीन संध्याकाळी घालवल्या होत्या. वाड्याचा नकाशा, भुताची कहाणी, चोर कोण, मुलींनी भलतीकडेच जायचं ठरवलं तर काय, ते सगळं. दुसऱ्या दिवशी मुली परत आल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या, आणखी चौघींना घेऊन. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "मावशी, माझ्याकडची गोष्ट संपली." घरी आईला फराळात मदत करायची होती, सबमिशन लिहायचं होतं. नियम सगळे पाठ होते. गोष्ट नव्हती.

'कल्पना लढवा' हे म्हणणं खेळायला येऊन बसणारीला सोपं जातं. आमच्या गटांतही दहा जणी बैठकीला येतात, पण वही एकीच्या हातात असते. सतरंजी तीच घालते, निरोप तीच देते, बँकेत तीच जाते. तिला ताप आला की बैठक होत नाही. गट मोडतात तेव्हा माझ्या अनुभवात नियम कमी पडलेले नसतात, बहुतेक वेळा ती एक बाई थकलेली असते. या खेळाचंही तसंच दिसतं. खेळवणारी दमली की खेळ बंद.

म्हणून नवीन पुस्तक हवं की नको हे ठरवताना मी एकच गोष्ट बघेन. या पुस्तकाने खेळवणारीचं ओझं कमी होतं की वाढतं? तयार मोहिमेने कमी होतं. तीन संध्याकाळींचं काम एका संध्याकाळीत होतं. खेळणाऱ्यांसाठीच्या नव्या पुस्तकाने वाढतं. कारण त्यात नव्या जादू, नवी पात्रं, नव्या शक्ती असतात. चार जणींनी चार पुस्तकांतून चार नवीन शक्ती आणल्या की त्या सगळ्या वाचून, समजून, एकमेकींशी कुठे अडतात ते बघून निवाडा द्यायचा खेळवणारीने.

आणि कंपनीला नेमकं उलटं परवडतं. एका मेजावर खेळणाऱ्या चार-पाच, खेळवणारी एक. तयार मोहीम ती एकटीच विकत घेणार. खेळणाऱ्यांचं पुस्तक मात्र पाचही जणी घेऊ शकतात. तेव्हा छापखाना कोणत्या बाजूला झुकणार हे सांगायला नको.

फार छापल्यावर काय होतं याचा दाखला याच खेळाच्या इतिहासात आहे. टीएसआर ही मूळ कंपनी. तिने १९८९ मध्ये खेळाची दुसरी आवृत्ती काढली आणि पुढच्या काही वर्षांत एकामागून एक नवीन जगं छापली. फरगॉटन रेल्म्स, ड्रॅगनलान्स ही आधीची होतीच. त्यात वाळवंटातलं डार्क सन आलं, अरबी कथांच्या धर्तीवरचं अल-कादिम आलं, प्लेनस्केप आलं, बर्थराइट आलं. प्रत्येक जगाची वेगळी पेटी, वेगळे नकाशे, वेगळ्या पुरवण्या. त्यांतली कित्येक पुस्तकं फार सुंदर आहेत असं जाणकार म्हणतात. पण डार्क सन खेळणारा बर्थराइट घेईना, आणि बर्थराइटवाला प्लेनस्केप घेईना. गिऱ्हाईक तेवढंच आणि दुकानं दहा. काही पेट्या तर इतक्या भरगच्च केल्या होत्या की बनवण्याचा खर्चही सुटत नव्हता. त्यातच कादंबऱ्यांचे गठ्ठे न खपता परत आले. फाशांच्या एका वेगळ्या खेळातही पैसा अडकला होता. शेवटी छापखान्याचं बिल भरायची पंचाईत झाली आणि १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्या कंपनीने टीएसआर विकत घेतली. कंपनी केवळ पुस्तकं जास्त झाली म्हणून बुडाली असं मी म्हणणार नाही, हिशेबच सगळीकडून बिघडला होता. पण आपल्याच मालाने आपलंच गिऱ्हाईक वाटून टाकलं, हे त्यातलं मोठं कारण.

नव्या मालकांनी २००० मध्ये तिसरी आवृत्ती काढली आणि एक शहाणपणाची गोष्ट केली. खेळाचे मूळ नियम खुल्या परवान्याखाली दिले, म्हणजे कोणीही त्यांवर आधारून आपलं पुस्तक छापू शकेल. त्यामागे एक हिशेब असाही होता की तयार मोहिमा छापण्यात मोठ्या कंपनीला फारसा नफा नसतो, ते काम छोट्यांनी करावं. स्वतः मात्र त्यांनी नियमांची जाड पुस्तकं काढायचं सोडलं नाही. २००३ मध्ये दुरुस्त आवृत्ती, २००८ मध्ये चौथी आवृत्ती. चौथीत खेळणाऱ्यांचं मुख्य पुस्तक एकच राहिलं नाही. २००९ मध्ये त्याचा दुसरा भाग, २०१० मध्ये तिसरा! ज्यांना हे नको होतं त्यांना पायझो नावाच्या कंपनीने २००९ मध्ये पाथफाइंडर या नावाने जुनेच नियम सुधारून दिले. खुला परवाना होता म्हणून ते जमलं.

आणि आता पाचवी आवृत्ती. ती २०१४ मध्ये आली. या वेळी कंपनीने हात आखडता घेतला. तीन मुख्य पुस्तकं काढली, थोडक्यातले नियम इंटरनेटवर फुकट ठेवले, आणि नवख्यांसाठी वीस डॉलरची एक छोटी पेटी काढली. त्या पेटीत बत्तीस पानांचे नियम, पाच तयार पात्रं, सहा फासे आणि चौसष्ट पानांची एक तयार मोहीम. बघा, नियमांपेक्षा गोष्ट दुप्पट पानांची. पुढे वर्षाला साधारण दोन मोठ्या मोहिमा येत राहिल्या. नियमांत मोठी भर घालणारं पहिलं पुस्तक यायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. तीन वर्षं! जुने खेळाडू कुरकुरले की कंपनी झोपली आहे, खेळ मरणार. झालं उलटंच, याच काळात खेळ पूर्वी कधी नव्हता एवढा पसरला. त्याचं श्रेय एकट्या धिम्या गतीला देता येणार नाही. २०१५ पासून काही कलाकार आपला खेळ इंटरनेटवर थेट दाखवू लागले, २०१६ मध्ये एका गाजलेल्या मालिकेत मुलं हा खेळ खेळताना दिसली, त्याने लाखो नवीन लोक आले. पण आलेल्या माणसाला दारातच चाळीस पुस्तकांचा ढीग दिसला नाही, एकच छोटी पेटी दिसली, याचाही त्यात वाटा असणार. नंतर कंपनीचा वेग पुन्हा वाढला आणि २०२४ मध्ये तीन मुख्य पुस्तकांपैकी दोन सुधारून नव्याने निघाली, तिसरं २०२५ च्या फेब्रुवारीत. पुण्याच्या मुलीचं 'तिसरं नवीन' ते हेच.

चांगली मोहीम किती वर्षं पुरते याचंही एक उदाहरण सांगते, मला ते फार आवडलं. ट्रेसी आणि लॉरा हिकमन हे नवरा-बायको. घरी मित्रमंडळींना खेळवण्यासाठी दोघं मिळून गोष्टी रचायचे. मुलांना बूट घ्यायला पैसे हवे होते म्हणून आपण त्या गोष्टी कंपनीकडे विकायला नेल्या, असं ट्रेसी यांनी सांगितलेलं आहे. त्यांची रेव्हनलॉफ्ट नावाची मोहीम १९८३ मध्ये छापली गेली. रक्तपिपासू सरदाराचा किल्ला, फक्त बत्तीस पानं. त्यात त्यांनी एक युक्ती केली. खेळाच्या सुरुवातीला पत्त्यांवरून भविष्य सांगायचं, आणि पत्ते येतील त्यावरून ठरायचं की खजिना कुठे आहे आणि त्या सरदाराच्या मनात काय आहे. म्हणजे दरवेळी गोष्ट वेगळी. २०१६ मध्ये त्याच मोहिमेवरून अडीचशेहून अधिक पानांचं नवं पुस्तक निघालं आणि तेही लोकप्रिय झालं. घरात दोघांनी रचलेली बत्तीस पानं तेहतीस वर्षं पुरून उरली.

दुसरा एक खेळ आहे, कॉल ऑफ कथुलू, भयकथांचा. १९८१ चा. त्याचे नियम इतक्या वर्षांत फार थोडे बदलले, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वी छापलेली मोहीम किरकोळ आकडेमोड करून आजही खेळता येते. नवीन येत राहतात त्या बहुतेक गोष्टी. जपानमध्ये तर तो खूपच लोकप्रिय आहे. नियम टिकाऊ आणि गोष्टी ताज्या, हे मला पटलं. आपली पंचसूत्री बघा ना. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशेबाच्या वह्या. हे पाच वर्षानुवर्षं तसेच आहेत. पण नव्या गटाला पहिली बैठक कशी घ्यायची, पहिलं कर्ज कोणाला द्यायचं हे कोणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. नुसती पंचसूत्री भिंतीवर लावून गट उभा राहत नाही.

आता राहिला 'अधिकृत' हा शब्द. ताईंच्या मुलीचं म्हणणं होतं की घ्यायचं तर अधिकृतच घ्यायचं, बाहेरचं नको. तर अधिकृत कोण ठरवतं, याची एक गोष्ट. जीन वेल्स ही टीएसआरच्या लेखन विभागात काम करणारी पहिली बाई, १९७९ पासून. तिने नवख्यांसाठी एक मोहीम लिहिली, रुपेरी राजकन्येच्या महालाची. १९८१ मध्ये ती छापून झाली, आणि आतल्या काही चित्रांवर वरिष्ठांनी आक्षेप घेतल्यामुळे लगेच मागे घेतली गेली. चित्रं तिने काढलेली नव्हती. नंतर दुसऱ्या लेखकाकडून तीच मोहीम बरीचशी नव्याने लिहून घेऊन पुन्हा छापली. अधिकृत ठरली ती ही दुसरी. पुष्कळ वर्षांनी मूळ मोहीम इंटरनेटवर फुकट उपलब्ध झाली आणि लोकांनी ती आवडीने वाचली. तेव्हा अधिकृत म्हणजे चांगलं असं काही नाही. मालकाने शिक्का मारलेलं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मालकाचं मन बदलतं. २०२३ च्या जानेवारीत बातमी फुटली की तो वीस वर्षांपूर्वीचा खुला परवाना कंपनी बदलणार आणि मोठी कमाई करणाऱ्यांकडून हिस्सा घेणार. खेळाडू आणि छोटे प्रकाशक इतके भडकले, इतक्या लोकांनी कंपनीची सशुल्क सेवा बंद केली, की महिना संपायच्या आत कंपनी मागे फिरली. २७ जानेवारीला तिने पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स नावाच्या परवान्याखाली सगळ्यांना देऊन टाकले. हा परवाना परत घेता येत नाही. नियम कुठून घेतले ते नाव लिहायचं, बाकी त्यांचं भाषांतर करा, त्यावर आपली गोष्ट रचा, छापा, हवं तर विका. मराठीतसुद्धा. कोणाकडे अर्ज करायला नको.

म्हणून ताईंना मी असं सांगितलं. एक मुख्य पुस्तक मुलीने घेतलंय ना, ठीक आहे, त्यात एका मेजाचं भागतं. दुसरं घ्यायचं तर पाच जणींनी मिळून घ्यावं आणि खेळवणारीकडे ठेवावं, गटाच्या पेटीसारखं. तेही मोहिमांचं. एका पुस्तकात वर्षभराचा खेळ निघतो. सुधारलेलं नवं पुस्तक आलं म्हणून जुनं रद्दी होत नाही. अमेरिकेत आजही १९८१ च्या चौसष्ट पानांच्या पुस्तिकेवर खेळणारे आहेत आणि त्यांचं काही अडत नाही. आणि जिला अजून काहीच घ्यायचं नाही तिने फुकटचे नियम आणि चिठ्ठ्यांचा डबा घेऊन बसावं.

मुलीला मात्र मी वेगळं विचारलं. मेजावर खेळवायला दरवेळी तूच बसतेस का? ती म्हणाली, हो, बाकीच्यांना नको असतं. मी म्हटलं, मग पुस्तकाआधी दुसरी खेळवणारी तयार कर. आमच्याकडे सचिव बदलतो तशी दर सहा महिन्यांनी बदला.

ती पुण्याला परत गेल्यावर आमच्या किशोरी गटाचा खेळ महिनाभर बंद होता. मग नववीतल्या एका मुलीने खेळवायचं मनावर घेतलं. तिला नियमांचं काही विचारायचं नव्हतं, ते चार बैठकींत तिला येऊ लागले होते. तिने एकच निरोप पाठवला, घंटेची गोष्ट लिहून पाठव. पुण्याहून ती आली, वाड्याच्या नकाशासकट, एका दोनशेपानी वहीत, पहिली अकरा पानं. त्यापुढची पानं आता मुली भरताहेत. दुसरी गोष्ट बाजाराच्या दिवशी हरवलेल्या बैलाची आहे, तिसरी अर्धवट आहे. पहिल्या दोन गोष्टींच्या झेरॉक्स केंद्रावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या गावात किशोरी गट आहे त्यांनी मंगळवारी बैठकीला येताना घेऊन जाव्यात, आणि डब्यासाठी वीस चिठ्ठ्या घरूनच करून आणाव्यात.